एकच आवाज

४ ऑगस्ट

आत्या,

लांबूनच वाकून नमस्कार. फार वाकलो नाही, कारण माझी पाठ आता स्पर्धा संपेपर्यंत सरांच्या मालकीची आहे.

पत्र बघून दचकू नकोस. हातपाय शाबूत आहेत. झालं असं, की इथे उतरल्या उतरल्या सरांनी अख्ख्या संघाचे फोन गोळा केले, पत्र्याच्या एका पेटीत टाकले आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. म्हणाले, "फोनवर तुम्ही आपल्याच बातम्या वाचता आणि मग तोंड पाडून बसता. घरी बोलायची हुक्की आली तर पत्र लिहा. लिहिताना माणूस जरा तरी विचार करतो." आमचा गोळाफेकवाला एवढा धिप्पाड, पण रडायच्या बेतात होता. मला मात्र बरं वाटलं. एरवी फोनवर तुझं शिलाईचं मशीन घरघरतं, तू "काय?" म्हणतेस, मी "काही नाही" म्हणतो आणि ठेवून देतो.

खोली दोघांत एक आहे. पलंग मला आखूड पडला म्हणून पायाशी स्टूल लावून दिलंय. गादी मी आल्याबरोबर तुझ्यासारखी अंगठ्याने दाबून पाहिली. अंगठा आत गेला, गादीने बराच वेळ विचार केला आणि मग सावकाश वर आली. तू असतीस तर मॅनेजरला बोलावून घेतलं असतंस. उंच उडीची गादी मात्र झकास आहे. खोलीएवढी मोठी, निळी, कडांना दुहेरी शिलाई. मी वाकून शिलाई बघत होतो तर मागून कुणीतरी विचारलं, काही हरवलं का? वळून पाहतो तर शिडी! शिडी म्हणजे सध्याचा जगातला सगळ्यात भारी उडीवाला, दुसऱ्या देशाचा, माझ्याहूनही चार बोटं उंच. त्याचं खरं नाव घेताना आमच्या जिभेची गाठ बसते, म्हणून आपसात आम्ही त्याला शिडीच म्हणतो. त्याला सांगितलं, माझ्या आत्याचा गाद्यांचा कारखाना आहे. तो हसून म्हणाला, मग तुला पडायची भीती नसेल.

पडायची नाहीच गं. भीती आहे ती दोन-तीसची. पेपरवाले मला काय म्हणतात ते तुला माहीत आहे, "दोन-अठ्ठावीस." तूच ती कात्रणं फाडून फोमच्या चुऱ्यात टाकलीस. दोन मीटर अठ्ठावीस मी झोपेतून उठवलं तरी उडेन. पण दांडी जराशी वर सरकली आणि पाटीवर २.३० लागलं, की पाय माझे राहत नाहीत. दोन सेंटिमीटर म्हणजे काय, तर तुझ्या शिलाईचे दोन-चार टाके. तेवढ्यापायी आठ वर्षं मी दांडीसकट खाली येतोय. आणि इथे दोन-तीस पार केल्याशिवाय पदकाचं नावही काढायला नको.

बाकी मजेत. एक विचारायचं होतं. तुझ्याकडे एखादी जागा आहे का? वरच्या फळीवरचा फोम काढायला उंच माणूस बरा पडेल.

तुझा,
ढांग्या


१० ऑगस्ट

चिरंजीव ढांग्यास आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

जागा नाही. वरच्या फळीसाठी माझ्याकडे स्टूल आहे. ते पगार मागत नाही आणि कुढत तर मुळीच नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझे दोन्ही हात कापडाखाली होते, म्हणून आपल्या कापड बेतणाऱ्या मास्तरांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मॅनेजरला बोलावून घेतलं असतंस, या वाक्याला शिलाईच्या बायका गरजेपेक्षा जास्त हसल्या. कोण किती हसलं ते मी लक्षात ठेवलंय. मग मास्तर शेवटच्या ओळीवर आले आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे थट्टेतलं दिसत नाही."

मलाही तसंच वाटलं. तू लहानपणापासून खरं ते थट्टेतच सांगतोस. ताप चढला की म्हणायचास, "आत्या, आज माझ्यावर पापड भाज." तेव्हा आता सरळ सांग, मनात काय आहे? तुझे आईबाप मला विचारतात, आणि मी त्यांना ठोकून देते की पोरगा एकदम मजेत आहे. मला खोटं बोलायला लावू नकोस, मला ते फार छान जमतं.

तुला आठवतं का रे, ते दोघं ड्युटीवर असायचे आणि तू शाळा सुटली की दप्तर माझ्या गोदामात भिरकावायचास? फोमच्या गुंडाळ्यांवरून उड्या मारून तू माल इतका मळवलास, की शेवटी मीच हात टेकले. तुकडे-चिंध्या भरून तुझ्यासाठी वेगळी गादी शिवली आणि मागच्या अंगणात टाकली. मास्तरांनी दोन लोखंडी खांब रोवले, वर प्लास्टिकचा पाइप. मी आत मशीनवर, तू बाहेर अंगणात. गादीवर तू पडायचास तो एक आवाज, धप्प. पाइप खाली आला तर दुसरा, खण्ण. दोन आवाज आले की मी काही बोलायची नाही. एकच आला की ओरडायची, "एकच!" आणि तू पाइप वर चढवायला धावायचास.

गेल्या मार्चमध्ये तुमच्या मैदानाचं काम निघालं म्हणून तू घरी आलास, तेव्हाही हाच खेळ झाला. वसतिगृहाच्या ऑर्डरच्या गाद्या रचल्या, फाटकापासून तुझी ती रबराची पट्टी अंथरली. मास्तरांनी आपल्या थोट्या टेपने खांबांवर खुणा केल्या. टेपचं पुढचं टोक झिजून चिंधी झालं तेव्हा मीच पाच सेंटिमीटर कापून टाकले होते. तेव्हापासून कारखान्यात कोणतंही माप आखताना पाच मिळवायचे, हा इथला पहिला धडा. दोन-पंचवीस लावा म्हणालास, लावून दिलं. काय मजेत होतास! उडीआधी शीळ घालत होतास. ती शीळ तिकडे कुठे हरवली?

पोटभर जेव. उत्तर लगेच पाठव.

आत्या


१६ ऑगस्ट

आत्या,

थट्टा नव्हती.

काल सराव-स्पर्धा झाली, इथल्याच मैदानावर. दोन-अठ्ठावीस पहिल्या झटक्यात. मग पाटी बदलली. पहिल्यांदा टाचेने दांडी नेली, दुसऱ्यांदा पाठीने. तिसऱ्यांदा मी पळत आलो, वळण घेतलं आणि उडालोच नाही. दांडीखालून चालत गेलो आणि गादीवर जाऊन बसलो. लोकांना वाटलं पाय दुखावला. मीही लंगडल्यासारखं केलं. हे फक्त तुला सांगतोय.

संध्याकाळी सरांना सांगितलं, ही माझी शेवटची स्पर्धा. एकतिसावं लागलंय. माझ्याबरोबरचे सगळे कधीच नोकरीधंद्याला लागले, पोरंबाळं शाळेत जातात. मी अजून चड्डी घालून दांडीवरून उड्या मारतोय, आणि तेही दोन सेंटिमीटर कमीच. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्याच्या सरावाची वेळ सांगून निघून गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

हरायचं वाईट वाटत नाही गं. शिडी माझ्याहून चांगला उडतो, त्याच्याकडून हरण्यात लाज कसली? पण दोन-तीस एकदासुद्धा न उडता घरी बसायचं, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. एकदाच. मग खुशाल फोम उचलीन, स्टूलपेक्षा कमी पगारात.

एक काम कर. सरांनी माझ्या उड्यांचे व्हिडिओ शंभरदा पाहिले, डॉक्टरांनी पाहिले, मनाच्या डॉक्टरांनीही पाहिले. पण मला पहिल्या उडीपासून पाहणारी तू एकटी आहेस. चिंध्यांच्या गादीपासून मार्चपर्यंत. खरंखरं सांग, माझं काय चुकतं? तुझ्या नजरेला जे दिसलं ते लिही. लागलं तरी चालेल.

पात्रता फेरी पंचवीसला आहे, अंतिम सत्तावीसला. त्याआधी तुझं पत्र आलं तर बरं होईल.

ढांग्या


२१ ऑगस्ट

ढांग्या,

हे पत्र मिळताच बस कुठेतरी. आधी वाईट सांगते, मग चांगलं.

तू विचारलंस, तुझं काय चुकतं. बाळा, मला कसं कळणार? बावीस वर्षांत मी तुझी एकही उडी पाहिलेली नाही.

आता डोळे मोठे करू नकोस. तू नऊ वर्षांचा असताना गादी सोडून विटांवर पडलास, हनुवटी फुटली, आठवतंय? ते मी दारात उभी राहून पाहिलं होतं. तुझी हनुवटी आठवड्याभरात भरली, माझं काळीज काही भरलं नाही. त्यानंतर मशीन मी भिंतीकडे तोंड करून लावलं. तुझी उडी बंद करणं मला जमलं नसतं आणि बघणं तर त्याहून नाही. म्हणून मी नुसती ऐकत राहिले. "एकच" म्हणायला बघावं कुठे लागतं? मैदानावर तुझ्या स्पर्धांना आले तेव्हाही तुझी पाळी आली की पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. तू आपला मैदानातून मला हात करायचास.

हे झालं वाईट. आता चांगलं ऐक.

काल मास्तरांना हुक्की आली की दोन-तीस म्हणजे नक्की किती, ते सगळ्या बायकांना दाखवावं. टेप ओढली आणि ती मधोमध तुटली. बरंच झालं, तिचं वय झालंच होतं. मी नवी मागवली, शून्यापासून सुरू होणारी. आम्ही सगळे अंगणात गेलो. खांबांवर मार्चची खूण अजून आहे, निळ्या पेन्सिलीची, आणि शेजारी तुझ्याच गिचमिड अक्षरात २.२५. मास्तर म्हणाले, याच्या वर पाच मोजू. बिचाऱ्यांनी खालून टेप लावली आणि तोंड उघडं ठेवूनच उभे राहिले. मला वाटलं पाठीत उसण भरली.

त्या खुणेला नव्या टेपवर दोन-तीस येतं.

दुसऱ्या खांबावर पाहिलं, तिथेही दोन-तीस. मी स्वतः तीनदा मोजलं. मग मी आणि मास्तर फोमच्या गठ्ठ्यावर बसलो आणि एकमेकांची उलटतपासणी घेतली. तू मला म्हणालास, दोन-पंचवीस लाव. मी टेपचे पाच मिळवून आतून ओरडले, "मास्तर, दोनशे तीस धरा!" आणि मास्तरांचा हात तर गेली कित्येक वर्षं आपोआप पाच मिळवतो. त्यांनी धरले दोनशे पस्तीस. पाच मी मिळवले, पाच त्यांनी मिळवले, आणि कापलेले होते फक्त पाच. पुढे तू आलास आणि आपल्याला हवा तो आकडा लिहून मोकळा झालास!

आणि ढांग्या, तू त्यावरून उडालास. मला पक्कं आठवतंय. आधी दोनदा दोन-दोन आवाज आले. तू बाहेरून म्हणालास, "आत्या, आज अंग जड आहे." मग शीळ घातलीस, मग पावलं, मग धप्प. मी थांबले. पुढे काही नाही. मी ओरडले, "एकच!"

आता यात एक गोची आहे. मास्तर तेव्हा पुढच्या दाराशी माल उतरवून घेत होते, बायका जेवायला गेल्या होत्या, आणि माझं तोंड भिंतीकडे. तेव्हा तुझी ती उडी कुणीच पाहिलेली नाही. पण मी ऐकली आहे, आणि गादीच्या आवाजात माझी चूक होत नाही. टेपच्या बाबतीत होते, ते वेगळं.

तेव्हा तू दोन-तीस उडून बसलेला आहेस. घाबरतोस कशाला? झालेल्या गोष्टीला कुणी घाबरतं का?

आजच टाकते हे पत्र. वेळेत पोचू दे.

आत्या


२८ ऑगस्ट

आत्या! आत्या! आत्या!

सोन्याचं आहे. मी चावून पाहिलं, फोटोवाले सांगतात म्हणून, आणि दात दुखला. टीव्हीवर तू पाहिलं असशीलच, पण आतली गोष्ट टीव्हीला काय कळणार, म्हणून सकाळी उठल्याबरोबर लिहायला बसलोय. पेटीची किल्ली सर गळ्यातच घालून झोपलेत.

पात्रता फेरीत घसरत घसरत आत शिरलो. सत्तावीसला तुझं पत्र आलं का म्हणून सरांना विचारलं तर म्हणाले, टपालखाना बंद. मी समजलो, तू रागावलीस. लंगडल्याचं सोंग तुला आवडलं नसणार. तेव्हा ठरवलं, आता आपलं आपणच बघायचं.

संध्याकाळी वारा सुटला होता. दोन-सत्तावीसपर्यंत सगळं मऊसूत गेलं आणि मैदानात आम्ही चौघं उरलो. पाटी बदलली. २.३०. शिडी पहिल्याच प्रयत्नात पलीकडे. बाकी दोघांनी दुसऱ्यांदा काढली. आणि मी? एकदा धप्प-खण्ण. पुन्हा धप्प-खण्ण. प्रत्येक उंचीला तीन संधी, त्यातल्या दोन गेल्या, आणि तिसऱ्यांदा मी काय करतो ते तुला लिहिलंच आहे.

मी बाकावर बसलो. पाटीकडे बघत होतो, आणि काय झालं कुणास ठाऊक, मला हसू यायला लागलं. म्हटलं, नुसती ही उडालो तरी मी चौथाच, कारण बाकी तिघांनी कमी चुका करून काढलीय. म्हणजे आठ वर्षं ज्या दारावर धडका मारतोय ते उघडलं तरी आत काहीच नाही! मग त्याच दारातून जायची जबरदस्ती आहे का? आमच्या खेळात एक नियम आहे. उरलेली संधी त्या उंचीवर न वापरता पुढच्या उंचीसाठी ठेवता येते. पण मग तिथे एकच उडी. चुकली की सामान आवरायचं.

मी पंचांकडे गेलो आणि हाताने खूण केली, ही सोडतो. त्यांना वाटलं मी स्पर्धाच सोडतोय. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, दोन-तीस सोडतो, दोन-तेहतीस उडतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझं डोकं तपासायला हवं. वर प्रेक्षकांत सर उठून उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. जन्मात कधी न उडालेली उंची सोडून त्याहून वरची मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

२.३३. बाकी तिघांची पहिली उडी चुकली. मग मी.

खरं सांगतो, त्या आकड्याची मला काहीच ओळख नव्हती. ना त्याची भीती, ना त्याच्याशी भांडण. नवा माणूस भेटावा तसं वाटलं. मी खुणेवर उभा राहिलो आणि आत्या, मला शीळ सुचली! शीळ घातली, पळालो, वळणावर झुकलो, पाय आपटला आणि मग बराच वेळ काहीच नाही. एवढा वेळ मी हवेत कधीच नव्हतो. मग धप्प.

मी डोळे मिटून पडून राहिलो, दुसऱ्या आवाजाची वाट बघत. पण लोकांनी असा काही गलका केला होता की दुसरा आवाज झाला की नाही तेच कळेना! शेवटी डोळे उघडले. दांडी वर होती. थोडी थरथरत होती, पण जागेवर होती. मी गादीवर उभा राहून जोरात ओरडलो, "एकच!" आता सगळ्या वाहिन्या विचारतायत की तो कुठला मंत्र आहे.

मग त्या तिघांच्या दोन-दोन उड्या बाकी होत्या. त्या मी सरांच्या कुशीत तोंड लपवून काढल्या. शिडीची शेवटची उडी टाचेच्या टोकाला गेली. तो उठला, माझ्याकडे आला, मला सरळ उचललं आणि म्हणाला, "तुझ्या आत्याच्या गाद्या मला पाहिजेत." मी रडलो. सगळ्या जगासमोर, नाक पुसत पुसत, काहीही लाज न बाळगता रडलो.

---

आता दुपार झाली. वरचं पत्र अर्धवट ठेवलं होतं, कारण सर आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक पाकीट टाकलं. तुझं, एकवीस तारखेचं! परवाच येऊन पडलं होतं. सराव-स्पर्धेनंतर त्यांनी येणारं सगळं टपाल अडवून आपल्या बॅगेत कोंबलं होतं, कुणाच्या घरून काही भलतंच येऊ नये म्हणून. मी वाचलं. मग जमिनीवर बसून पुन्हा वाचलं. मग इतका हसलो की शेजारच्या खोलीतून गोळाफेकवाला धावत आला.

आत्या, म्हणजे स्पर्धेत मी आजतागायत दोन-तीस उडालेलो नाही, आणि आता उडालो काय न उडालो काय, कुणी विचारणार नाही. आज सकाळीच एका पत्रकाराने विचारलं होतं, "तुम्ही दोन-तीस कधी पार करणार?" तेव्हा मी पदक दाखवून सटकलो. आता त्याला गाठून सांगणार आहे, मार्चमध्ये केली. साक्षीदार विचारला तर तुझं नाव देईन.

त्या दिवशी दांडी मला जरा उर्मट वाटली होती खरी. मी म्हटलं, अंगच जड आहे.

तुझं पत्र वेळेत मिळालं असतं तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. कदाचित तिसरी उडी दोन-तीसवरच मारली असती, काढलीही असती, आणि खुशीत चौथा आलो असतो. सरांना हे सांगितलं तेव्हापासून ते छाती काढून फिरतायत.

आणि ते दुसरं. तू कधी पाहिलंच नाहीस. आधी चर्र झालं, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं मला वाटत होतं की आत्या बघतेय, म्हणून पाय नीट टाकायचा, पाठ नीट वळवायची. आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलेली! मग आठवलं, की मी तुला कधी बघताना पाहिलेलं नाही, ऐकलेलंच आहे. तुझं "एकच" ऐकलं की पुढची उंची लावायची, एवढंच मला ठाऊक होतं. आपण दोघांनी एकमेकांना नुसतं ऐकूनच इथवर आणलंय. तू नसतीस तर मी फोमवर उड्या मारून मार खाणारा एक पोरगा राहिलो असतो. हे थट्टेत सांगत नाही.

आता खरं सांग. काल तरी पाहिलंस का?

सर पुढच्या वर्षीचं विचारतायत. मी म्हणालो, उडावंच लागेल, आत्याने जागा नाही म्हणून कळवलंय.

ढांग्या


३ सप्टेंबर

ढांग्यास,

आशीर्वाद. धपाटा राखून ठेवलाय, लंगडायच्या सोंगाबद्दल.

पदक नीट सांभाळ. मास्तरांना ते गळ्यात घालून फोटो काढायचाय. त्यांचं म्हणणं असं, की पाच सेंटिमीटर सोनं त्यांच्या वाट्याचं आहे. मी म्हटलं, पाच मी पण मिळवले होते. त्यावरून आमचं दोन दिवस वाजलं, शेवटी शिलाईच्या बायकांनी पदकाला वाटे पडत नाहीत म्हणून दोघांना गप्प केलं. तुझी आई दारात येईल त्याला चहा पाजतेय. तुझा बाप कामावर जातो आणि कामच विसरून परत येतो.

आणि त्या शिडीला सांग, गाद्या मिळतील. उंचीचं माप पाठव म्हणावं. नवी टेप आहे आता.

तू विचारलंस, पाहिलं का. सांगते.

सत्तावीसला कारखान्यात टीव्ही आणला. सगळ्या समोर दाटीवाटीने बसल्या आणि मी माझ्या मशीनवर, नेहमीसारखी, भिंतीकडे तोंड करून. हातात शिवण होतं, पण एक टाकाही सरळ पडला नाही. आधीच्या उड्यांना धप्प आणि खण्ण दोन्ही ऐकू येत होतं. तुझ्या दोन-तीसचे दोन्ही खण्ण माझ्या पोटात पडले. मग मास्तर ओरडले, "बाई, पोराने उडी सोडली! तेहतीस मागतोय!" मी म्हटलं, तेव्हा विटांवर हनुवटीऐवजी डोकं आपटलं होतं की काय. आणि मग, ढांग्या, मला शीळ ऐकू आली. एवढ्या गर्दीत, एवढ्या लांबून, ती बारीक शीळ मी ओळखली. पावलं ऐकली. आणि त्यानंतर जो काही गोंगाट झाला! टीव्हीतला तो बोलणारा माणूस किंचाळतोय, लोक ओरडतायत, आमच्या बायका ओरडतायत, मास्तर तर स्टूलवर चढले. धप्प कुठे गेलं, खण्ण झालं की नाही, मला काही म्हणजे काही ऐकू येईना. मी "काय झालं? काय झालं?" करतेय, तर कुणाचं लक्ष आहे?

म्हणून वळले.

तुझी उडी पुन्हा दाखवत होते, अगदी हळू. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तुला हवेत पाहिलं. तू पाठमोरा वर गेलास, आडवा झालास, आणि असा निवांत पडला होतास, की तुझ्याखाली गादी नाही हे तुझ्या गावीच नाही. मला वाटत होतं, उडी म्हणजे पडणं. हे मला कुणी सांगितलंच नाही, की पडायच्या आधी एवढं काही असतं. मी रडले का, ते मास्तरांना विचारू नकोस, ते वाढवून सांगतील.

तेव्हा हिशेब असा, की दोन-तेहतीस जगाने पाहिली आणि मीही पाहिली. दोन-तीस मात्र अजून कुणीच पाहिलेली नाही. ती मला बघायचीय. एकतिसावं लागलंय वगैरे मला ऐकवू नकोस, माझं किती लागलंय ते मी कुणाला सांगते का? घरी येशील तेव्हा शूज बरोबर आण. गाद्या रचून ठेवल्यात, रबराची पट्टी धुऊन वाळवलीय, खुणेशेजारचा तुझा आकडा मास्तरांनी खोडून बरोबर लिहिलाय.

आणि मशीन मी फिरवून घेतलंय. आता बसले की तोंड अंगणाकडे येतं.

आत्या